शून्य टक्क्यांची व्याजोक्ति

वाङ्मयाच्या परीक्षणास वाहिलेल्या मासिकांत हप्तेबंदीच्या कागदांचें परीक्षण करावयास घेतलें, तर कित्येक वाचकांस तें नवल वाटेल. काव्य, नाटक, कादंबरी आणि फार तर चरित्र अथवा प्रवासवर्णन एवढीच टीकाकाराची शीव, असा आपल्याकडे संकेत आहे. परंतु ज्या गद्यामुळें माणसाची पुढच्या एक-दोन वर्षांची कमाई बांधली जाते, ज्याच्या खालीं तो आपली सही करितो, आणि जें त्यानें बहुधा वाचलेलें नसतें, त्या गद्याची चिकित्सा कोणीं करावयाची? वकील त्यांतील कलमें पाहतो, हिशेबनीस आकडे पाहतो. भाषा पाहण्याचें काम उरतें, तें भाषेच्या अध्यापकांनींच केलें पाहिजे. आज सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या हातीं कादंबरी क्वचित् पडते. हप्त्यावर फोन किंवा मोटारसायकल देऊं करणारी जाहिरात मात्र रोज पडते. तेव्हां प्रसार हीच कसोटी धरली, तरी हें गद्य परीक्षणास पात्र ठरतें.

या गद्याचा वाचक कोण, हें आधीं ठरविलें पाहिजे. तो छत्रपति संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यांतील पिशोर या गांवीं राहतो, असें आम्ही धरतों. असा मुलगा पुण्यांत किंवा नागपुरांतहि सांपडेल. परंतु पिशोरसारख्या गांवीं हप्त्याच्या कागदाची आणि माणसाच्या जीवनाची विसंगति अधिक स्पष्ट दिसते. त्या भागांतील शेती मका, कापूस आणि आलें यांची. कापसाची वेचणी दिवाळीच्या आगेंमागें चालते, मका त्याच सुमारास घरीं येतो, आणि आलें तर लावल्यापासून आठ-नऊ महिने जमिनींतच असतें. घरांत पैसा येतो तो वर्षांतून अशा दोन-तीन वेळीं, आणि तोहि भाव मिळाला तर. घरच्या मुलाची स्वतःची कमाई म्हणजे फवारणीची, काढणीची किंवा एकाद्या दुकानांतील सुटी मजुरी. ती एका महिन्यांत असते, दुसऱ्यांत नसते. हप्ता मात्र दरमहा ठरलेल्या तारखेस मागितला जातो. जुन्या सावकाराचे दोष सांगावे तितके थोडे आहेत. तरी तो वसुलीसाठीं सुगीची वाट पाही, कारण पैसा केव्हां पिकतो हें त्याला माहीत होतें. नव्या कागदाला पगाराची तारीख तेवढी माहीत आहे, आणि पगार तर या घरांत कोणासच नाहीं.

वयाचा विचारहि येथेंच केला पाहिजे. अठरा वर्षें पुरीं न झालेल्या मुलाशीं केलेला करार आपल्या कायद्यानें मुळांतच रद्द असतो. १८७२ च्या करारविषयक कायद्याचा असा अर्थ प्रिव्ही कौन्सिलनें १९०३ सालीं मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यांत लावला, आणि तो अद्याप प्रमाण आहे. म्हणून सतरा वर्षांच्या मुलाच्या फोनचा कागद बापाच्या किंवा थोरल्या भावाच्या नांवें होतो; फोन एकाच्या हातीं, सही दुसऱ्याची. अठरा पुरीं झालीं कीं हा आडपडदा निघून जातो. ज्या मुलानें आयुष्यांत एकदांहि स्वतःच्या कमाईचा वार्षिक हिशेब मांडलेला नाहीं, तो कायद्याच्या दृष्टीनें एका रात्रींत पुरता व्यवहारज्ञ होतो, आणि बाजार त्याच्या या वाढदिवसाची वाटच पाहत असतो.

आतां प्रत्यक्ष गद्याकडे वळूं. त्याचे तीन प्रकार पडतात: जाहिरात, करारपत्र आणि वसुलीचा निरोप. यांपैकीं जाहिरात ही अलंकारांनीं सर्वांत समृद्ध. 'शून्य टक्के व्याज' हें तिचें पालुपद. आपल्या भाषेंत 'व्याज' हा शब्द संस्कृतांतून आला, आणि संस्कृतांत त्याचा अर्थ निमित्त, सोंग, कपट असा आहे. निर्व्याज प्रेम म्हणजे निष्कपट प्रेम, हें शाळेंतील मुलासहि ठाऊक असतें. पैशाच्या वाढीला हाच शब्द कसा चिकटला, हा प्रश्न व्युत्पत्तिशास्त्रज्ञांवर सोंपवूं. आमचें काम निराळ्या एका शब्दाशीं आहे. अलंकारशास्त्रांत व्याजोक्ति नांवाचा एक अलंकार आहे. मम्मटानें काव्यप्रकाशांत केलेल्या त्याच्या लक्षणाचा आशय असा कीं, उघडी पडूं लागलेली गोष्ट भलत्याच निमित्तानें झांकून टाकणें. विवाहसमयीं गिरिजेच्या हस्तस्पर्शानें शंकराच्या अंगावर रोमांच उभे राहतात, आणि तो त्यांचें कारण म्हणून हिमालयाच्या हाताचा गारठा पुढें करितो, हें त्याचें प्रसिद्ध उदाहरण. शंकराचें तें झांकणें रसिकांस गोड वाटतें, कारण त्यांत कोणाचेंच कांहीं जात नाहीं. जाहिरातीची व्याजोक्ति तशी निरुपद्रवी नाहीं. तिच्यांत व्याज उघडें पडूं लागलें कीं तें कधीं कागदपत्रांचा आकार म्हणून, कधीं विमा म्हणून, तर कधीं न मिळालेली सूट म्हणून झांकलें जातें.

नमुन्यादाखल एक हिशेब मांडतों. आकडे आमचे आहेत, रीत बाजारांतील आहे. फोनवर किंमत छापली आहे २४,००० रुपये. रोख देणाऱ्यास दुकानदार १,५०० रुपये सोडतो. म्हणजे त्या फोनची त्या दिवशींची खरी किंमत २२,५०० रुपये झाली. हप्त्यानें घेणाऱ्यास ही सूट नाहीं. त्यानें आरंभीं ८,००० रुपये भरावयाचे, कागदपत्रांचा आकार म्हणून ७०० द्यावयाचे, विम्याचे ८०० द्यावयाचे, आणि उरलेले १६,००० रुपये दोन-दोन हजारांच्या आठ मासिक हप्त्यांनीं फेडावयाचे. व्याज शून्य! आतां बेरीज करावी. मुलाच्या खिशांतून एकंदर २५,५०० रुपये गेले. पहिल्या दिवशीं त्यानें ९,५०० दिले होते, तेव्हां २२,५०० रुपयांच्या वस्तूपोटीं त्याला खरोखर उसने मिळाले ते १३,००० रुपये. आणि त्यानें फेडले १६,०००. तेरा हजारांवर आठ महिन्यांत तीन हजार, आणि तेहि मुद्दल दरमहा कमी होत असतां! या हिशेबानें दर महिन्याला पावणेपांच टक्क्यांहून किंचित् अधिक, म्हणजे वर्षाला अठ्ठावन्न टक्क्यांच्या आसपास पडतो. विमा खराच उपयोगाचा होता असें समजून त्याचे आठशें रुपये हिशेबांतून वगळले, तरीहि दर चाळीस टक्क्यांच्या खालीं उतरत नाहीं.

ही आमची एकट्याची कुरकुर आहे असें कोणी समजूं नये. रिझर्व्ह बँकेनें सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकांत, शून्य टक्के व्याज अशी वस्तुच नसते आणि प्रक्रियेच्या शुल्कांत दडवून तें व्याज ग्राहकाकडून वसूल होतें, अशा आशयाचा अभिप्राय दिला, आणि बँकांना अशा योजनांपासून दूर राहण्यास सांगितलें. पुढें १ ऑक्टोबर २०२४ पासून, बँक असो कीं बिगर-बँक वित्तसंस्था असो, किरकोळ कर्ज देणाऱ्यानें कर्जदाराला समजेल अशा भाषेंत कर्जाच्या मुख्य गोष्टी सांगणारें एक पत्रक दिलेंच पाहिजे, आणि सर्व आकार मिळवून पडणारा वार्षिक दर त्यांत लिहिलाच पाहिजे, असा नियम झाला. नियम चांगला आहे. पण त्या पत्रकांतहि एक आंकडा येऊं शकत नाहीं, तो म्हणजे रोखीनें घेतलें असतें तर दुकानदारानें किती सोडले असते हा. तो आंकडा दुकानदाराच्या मनांत असतो, आणि विचारल्यावांचून तो बाहेर येत नाहीं.

दराचा हा विषय निघाला आहे तेव्हां याच जिल्ह्यांतील एक गोष्ट वाचकांस आठवत असेल. २०१० च्या ऑक्टोबरांत औरंगाबादच्या (आतांच्या छत्रपति संभाजीनगरच्या) उद्योजकांनीं एकत्र येऊन सुमारें ६५ कोटी रुपयांच्या दीडशें मर्सिडीज गाड्या एकदम घेतल्या, आणि त्याची वार्ता देशभर झाली. त्या गाड्यांसाठीं स्टेट बँकेनें कर्ज दिलें तें सात टक्के दरानें. या व्यवहारांत गैर कांहींच नव्हतें. दीडशें गिऱ्हाइकें एकजुटीनें गेलीं, त्यांनीं किंमतहि पाडून घेतली आणि दरहि. परंतु त्याच जिल्ह्यांतील पिशोरचा मुलगा एकटाच दुकानांत जातो, घासाघीस फोनच्या रंगाविषयीं करितो, आणि दर विचारावयाचा असतो हेंच त्याला ठाऊक नसतें. ज्याच्यापाशीं आहे त्याला पैसा स्वस्त आणि ज्याच्यापाशीं नाहीं त्याला महाग, हा बाजाराचा जुना नियम आहे. मात्र त्या महागाईला 'शून्य' म्हणावयाचें, ही आमच्या काळाची भर होय.

दुसरें गद्य कराराचें. हप्त्यानें वस्तु घेण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकींत पैसे उसने मिळतात आणि वस्तु घेणाऱ्याची होते. दुसरींत वस्तु भाड्यानें मिळते आणि शेवटचा हप्ता फिटेपर्यंत देणाराच तिचा मालक राहतो. या दुसऱ्या तऱ्हेचें गद्य इंग्लंडांत घडलें. १८९५ सालीं हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज या खटल्यांत लॉर्ड सभेपुढें एक पियानो होता. घेणाऱ्यानें तो महिन्याच्या भाड्यानें घेतला होता, सारे हप्ते फिटल्यावर तो त्याचा व्हावयाचा होता, आणि मध्येंच त्यानें तो गहाण टाकला. न्यायाधीशांनीं कागद वाचून ठरविलें कीं, या मनुष्यानें विकत घेण्याचें बंधन पत्करलेलेंच नव्हतें, तेव्हां तो भाडेकरीच होय. पियानो मूळ मालकाकडे परत गेला. दुकानांत बोलतांना विक्री आणि कागदावर लिहितांना भाडें, ही शैली त्या निकालानें पक्की झाली. तिचे परिणाम गरिबांनीं भोगले. तीन-चतुर्थांश पैसे भरल्यावर एक हप्ता चुकला म्हणून शिलाईचें यंत्र किंवा कपाट घरांतून उचलून नेणें हा तेथें एक धंदाच होऊन बसला. शेवटीं एलन विल्किन्सन या मजूर पक्षाच्या बाईंनीं पार्लमेंटांत विधेयक आणलें आणि १९३८ सालीं कायदा झाला कीं, एक-तृतीयांश रक्कम भरलेल्या घेणाऱ्याकडून न्यायालयाच्या हुकुमावांचून वस्तु काढून घेतां येणार नाहीं.

आपल्याकडे काय झालें, हें सांगावयास थोडी शरम वाटते. भाडे-खरेदीचा कायदा संसदेनें १९७२ सालीं संमत केला. तो अमलांत मात्र कधींच आला नाहीं, आणि २००५ सालीं तो रद्द करण्याचा दुसरा कायदा करून त्याचें उत्तरकार्य उरकण्यांत आलें. आज मोटारसायकलच्या नोंदणीपुस्तकांत कर्ज देणाऱ्याचा बोजा चढतो, आणि हप्ते थकले कीं गाडी ओढून नेणारी माणसें येतात. फोनच्या बाबतींत तर माणसांचीहि गरज उरली नाहीं. हप्ता थकतांच दुरूनच तो निकामी करून ठेवण्याची युक्ति निघाली आहे. वस्तु खिशांत असते, चालत मात्र नाहीं. मालक कोण, या प्रश्नाचें इतकें चोख उत्तर लॉर्ड सभेलाहि देतां आलें नव्हतें.

करारपत्राच्या शैलीविषयीं आमचा मुख्य आक्षेप असा कीं, तें वाचलें जाऊं नये अशाच बेतानें लिहिलेलें असतें. लहान अक्षरें, इंग्रजी भाषा, एकांत एक गुंतलेलीं वाक्यें, आणि शेवटीं पडद्यावर 'मान्य आहे' असें दाबावयाचें बटण. व्यापारी गद्य असेंच असावें लागतें काय? महाराष्ट्रांतील फार जुन्या आर्थिक लेखांपैकीं एक नाशिकच्या लेण्यांत आहे. नहपानाचा जांवई उषवदात यानें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीं गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींपाशीं तीन हजार कार्षापणांची ठेव ठेविली. दोन हजारांवर दरमहा शेंकडा एक आणि एक हजारावर दरमहा शेंकडा पाऊण व्याज, मुद्दल परत मागावयाचें नाहीं, आणि व्याज भिक्षूंच्या गरजांकडे लावावयाचें, एवढ्या सर्व गोष्टी भिंतीवर स्पष्ट खोदलेल्या आहेत. इतकेंच नव्हे, तर हा व्यवहार नगरसभेंत ऐकविला गेला आणि फलकावर नोंदला गेला, असेंहि तो लेख सांगतो. सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींचा हा दर आज कोणीहि प्राकृतज्ञ उभ्या-उभ्या वाचतो. कालच्या फोनचा दर मात्र पदवीधर बापालाहि सांगतां येत नाहीं. लेखनाचें साधन सुधारलें म्हणजे लेखन सुधारतेंच असें नाहीं, याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

येथें कर्जाविषयींच्या आपल्या जुन्या वाङ्मयाची आठवण होणें साहजिक आहे. जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. नारायण हरि आपटे यांच्या कथेवरून बाबूराव पेंटरांनीं काढलेला 'सावकारी पाश' हा मूकपट १९२५ चा. प्रेमचंदांची 'गोदान' ही कादंबरी १९३६ ची. या सर्वांतील ऋणको निरक्षर किंवा अर्धाक्षर आहे, आणि धनकोला तोंड आहे. तो गांवांतच राहतो, त्याची वही दिसते, त्याचा ओटा दिसतो. म्हणूनच १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें लोक उठले, तेव्हां त्यांनीं मुख्यतः सावकारांचे कागद जाळले. त्या दंग्यांनंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं झालेल्या कायद्यानें, रोख्यावरील आंकड्यावर न थांबतां व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायालयास दिला. म्हणजे कागदाच्या पाठीमागें जाऊन वाचावें, हें तत्त्व कायद्यानेंच मान्य केलें. पिशोर त्या वेळीं निजामाच्या मुलखांत असल्यामुळें हा कायदा तेथें पोंचला नाहीं; शेजारच्या नगर जिल्ह्यापर्यंत येऊन तो थांबला.

आजचा ऋणको साक्षर आहे. तो दहावी-बारावी झालेला असतो, सही झोंकदार करितो. निरक्षरता हेंच शेतकऱ्याच्या नाडणुकीचें मूळ, आणि शाळा काढल्या कीं तें नष्ट होईल, असें एकोणिसाव्या शतकांतील आपल्या सुधारकांप्रमाणें आम्ही शिक्षकहि मानीत आलों. तो भरंवसा आतां पुरा पडत नाहीं. अक्षरें ओळखणें आणि कागद वाचणें या दोन निराळ्या विद्या आहेत, आणि आमच्या शाळा-कॉलेजांतून पहिलीच शिकविली जाते. मुलानें 'दरमहा फक्त दोन हजार' हीं अक्षरें बरोबर वाचलेलीं असतात. एकंदर किती, हा आंकडा त्याच्या डोळ्यांपुढें नसतो.

यापेक्षांहि मोठा पालट नात्यांत झाला आहे. जुन्या धर्मशास्त्राप्रमाणें बापाचें कर्ज फेडणें हें मुलाचें पवित्र कर्तव्य असे. तें कर्ज जुगार, मद्य अशा अनीतीचें नसावें एवढाच त्याला अपवाद. प्रेमचंदांच्या 'सवा सेर गेहूँ' या गोष्टींत बाप जन्मभर राबून मरतो आणि तेंच जूं मुलाच्या मानेवर येतें. १८२४ सालीं चार्ल्स डिकन्सचा बाप कर्जापायीं मार्शलसीच्या तुरुंगांत गेला, तेव्हां बारा वर्षांचा चार्ल्स बुटांच्या काळ्या रोगणाच्या कारखान्यांत बाटल्यांना चिठ्या डकवीत होता. ऋण खालीं उतरत जाई, बापाकडून मुलाकडे. आपल्याकडे २००५ च्या हिंदु वारसा दुरुस्ति कायद्यानें मुलावरील ती कायदेशीर जबाबदारी पुढील कर्जांपुरती संपविली. आणि आतां उलटा प्रवाह सुरू झाला आहे. मुलाचा हप्ता थकतो तेव्हां कोणतेंहि शास्त्र सांगत नसतां बाप आल्याच्या पट्टीतून तो भरतो, किंवा आई बचत गटांतून उचल घेऊन भरते. एक कर्ज फेडावयास दुसरें होतें, आणि दुसरें घेणाऱ्या बाईनें फोनला हातहि लावलेला नसतो. या उलट्या ओझ्याची कादंबरी मराठींत अद्याप लिहिली जावयाची आहे. शहरी मध्यमवर्गाच्या घरकर्जाचे हप्ते आमच्या कथांतून येतात. पिशोरच्या मुलाचा हप्ता अजून आमच्या वाङ्मयाच्या उंबऱ्याबाहेरच उभा आहे.

तिसरें गद्य वसुलीचें. तें सर्वांत थोडक्यांत असतें. 'हप्ता न भरल्यास आपलें सिबिल खराब होईल' असा त्याचा मथितार्थ. सिबिल हें वस्तुतः पतविषयक माहिती ठेवणाऱ्या एका संस्थेचें संक्षिप्त नांव. बोलींत तें आतां पतीचेंच दुसरें नांव झालें आहे. तीनशें ते नऊशें या दरम्यानचा तो एक आंकडा. पूर्वीं गांवांतील पत ठरविणाऱ्यास तुमचें शेत, तुमची वागणूक आणि गेल्या सालचा दुष्काळ, सारें माहीत असे. त्या ओळखींत जातीचा आणि अहंकाराचा जाच होता हें खरें, आणि आंकड्याला जात नाहीं हा त्याचा गुणच होय. परंतु आंकड्याला दुष्काळहि कळत नाहीं. अठराव्या वर्षीं हौसेनें घेतलेल्या फोनचे तीन हप्ते चुकले, म्हणून तेविसाव्या वर्षीं दुभत्या जनावरासाठीं किंवा शिक्षणासाठीं मागितलेलें कर्ज अडावें, ही शिक्षा अपराधाच्या मानानें फार मोठी आहे. आणि तिची कल्पना त्या मुलास सही करतांना दिलेली नसते.

आमच्यावर येथें एक आक्षेप येईल, आणि तो विचारांत घेतलाच पाहिजे. हप्त्याच्या रीतीनें गरिबांचें नुकसानच झालें काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. शिलाईचें यंत्र हप्त्यानें मिळूं लागलें तेव्हां कित्येक निराधार बायांस पोटाचें साधन मिळालें. आजहि पिशोरहून कॉलेजास जाणाऱ्या मुलास मोटारसायकल ही निव्वळ चैन नव्हे. प्रवेशाचे अर्ज, शिष्यवृत्ति, नोकरीच्या जाहिराती, शेतमालाचे भाव हें सारें फोनवरच येतें, तेव्हां फोनहि चैन नव्हे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं घरें, गाड्या आणि मुलांचीं शिक्षणें हप्त्यांवरच उभीं आहेत. आपण हप्त्यानें घर घ्यावें आणि खेड्यांतील मुलानें फोन घेतला कीं 'ऋण काढून सण' म्हणून नाक मुरडावें, हा दुटप्पीपणा होय. आमचा वाद मुलाच्या इच्छेशीं नाहीं. सतराव्या वर्षीं इच्छा असावयाचीच. हौसेला मोल नाहीं असें आपली म्हणच सांगते. पण हौसेला मोल नसलें तरी फोनला आहे, आणि तें मोल पुरतेपणीं सांगितलें जात नाहीं, एवढाच आमचा वाद आहे.

मग मर्यादा कोठें घालावी? आपल्या स्मृतिकारांनीं ती घालून ठेविली होती. एकदम वसूल करावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक होतां कामा नये, हा दामदुपटीचा नियम मनुस्मृतींत आहे. मुंबई इलाख्यांतील न्यायालयें तो हिंदु ऋणकोस लागू करीत, आणि मुंबईच्या १९४६ च्या सावकारी कायद्यांतहि तो तत्त्वतः आला. गंमत अशी कीं, इंग्लंडांत गरीब कुटुंबांस कपडे धुण्याचीं यंत्रें आणि शीतकपाटें भाड्यानें देऊन मग मालकी देणारा जो व्यापार होता, त्यावर तेथील नियामक मंडळानें १ एप्रिल २०१९ पासून जी मर्यादा घातली, ती हीच: कर्जाचा एकंदर खर्च वस्तूच्या किंमतीहून अधिक असूं नये. मनूचें नांव न घेतां त्यांनीं दामदुपटच पत्करली. आपल्याकडे मात्र सर्वोच्च न्यायालयानें १० मे २०२२ रोजीं नेडुंपिल्ली फायनान्सच्या खटल्यांत असें ठरविलें कीं, रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील बिगर-बँक वित्तसंस्थांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहींत. नियंत्रण एका ठिकाणीं असावें, हा त्या निकालामागील विचार समंजस आहे. परंतु त्याचा अर्थ असा झाला कीं, गांवच्या परवानाधारक सावकारावर राज्याच्या कायद्याचा लगाम आहे, आणि फोनच्या दुकानांत टेबल मांडून बसलेल्या कंपनीवर तो नाहीं. तो लगाम रिझर्व्ह बँकेनें घालावा, आणि लहान रकमेच्या वस्तुकर्जांस तरी दामदुपटीहून पुष्कळ खालची मर्यादा ठरवावी, अशी मागणी करण्यास आतां संकोच कशाला?

कायदा होईल तेव्हां होईल. तोंपर्यंत भाषेच्या शिक्षकांनीं करण्याजोगें एक काम आहे, आणि त्यास सरकारी हुकूम लागत नाहीं. अकरावीच्या वर्गांत उताऱ्याचें आकलन शिकवितों, तेव्हां एक दिवस कर्जाचें पत्रक हाच उतारा घ्यावा. त्यावर प्रश्न दोनच विचारावे: ही वस्तु आज रोख घेतली तर कितीला पडेल, आणि शेवटच्या हप्त्यापर्यंत खिशांतून एकंदर किती जातील? दोन्ही आंकड्यांतील वजाबाकी म्हणजे व्याज, मग जाहिरातीनें त्याला कोणतेंहि नांव दिलेलें असो. तिसरा प्रश्न घरच्यांनीं विचारावा: पुढच्या प्रत्येक महिन्याच्या त्या तारखेला हे पैसे कोठून येणार? मक्यांतून कीं कापसांतून, कीं आईच्या गटांतून? उषवदाताच्या ठेवीचा दर सभेंत ऐकविला गेला होता. आपल्या घरांतील मुलाच्या हप्त्याचा कागद सही होण्यापूर्वीं एकदां घरांत मोठ्यानें वाचला जावा, एवढें तर आपणांस करतां येईल. डिजिटल मार्गानें दिलेल्या कर्जास दंडावांचून तें परत करण्याची थोडी मुदतहि नियमानें ठेविली आहे. वाचून झाल्यावर मन पालटलें, तर ती मुदत संपण्यापूर्वीं दुकानांत परत जाण्यांत कसलाहि कमीपणा नाहीं.